त्रेचाळीस गावांचं एक दार

कावेरीने एंटर दाबला. काळ्या पडद्यावर गावांची नावं भराभर वर सरकत गेली. सातारा, कराड, वाई, फलटण, बार्शी, अकलूज... आणि शेवटी एकच ओळ उरली: त्रेचाळीस फायली तयार, फरक शून्य.

"झालं सर," ती म्हणाली.

"झालं म्हणजे?"

"सगळ्या शाखांचं झालं."

पाटणकर मॅडम आमच्या मागे उभ्या होत्या. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं होतं. "चार सेकंद," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "हेमंत, तुम्हाला किती वेळ लागायचा?"

"एका गावाला दीड दिवस," मी म्हणालो. मग राहवलं नाही म्हणून जोडलं, "नीट करायचं तर."

मॅडम हसल्या. कावेरी हसली नाही. तिने लॅपटॉप अर्धा मिटला आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला ते चार सेकंद आवडले नाहीत, आणि ते लिहून ठेवणंही आवडलं नाही.

ही गोष्ट सात-आठ वर्षांपूर्वीची. बावधनच्या एका कंपनीत मी तेव्हा क्लाउडचं काम बघायचो. क्लाउड हे नाव मोठं आहे, पण काम सांगायला सोपं. दुसऱ्याच्या जागेत भाड्याने घेतलेले संगणक. कोणत्या गावासाठी किती संगणक हवेत, माहिती कुठे साठवायची, आत यायची कोणती दारं उघडी ठेवायची आणि कोणती बंद, हे सगळं एका फाईलमध्ये लिहून द्यायचं. ती फाईल दिली की पलीकडे सगळं आपोआप उभं राहतं. आमचं गिऱ्हाईक रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबची एक साखळी होती. गावोगावी शाखा आणि प्रत्येक शाखेची वेगळी फाईल. पेशंटचे रिपोर्ट त्यातच.

या फायली मी हाताने लिहायचो. म्हणजे, पहिली साताऱ्याची तेवढी खरोखर लिहिली. पुढच्या गावासाठी सातारा कॉपी करायची, गावाचं नाव बदलायचं, दोन-चार आकडे बदलायचे. आमच्याकडे बोलायची पद्धतच तशी पडली होती. नवीन शाखा आली की कुणीतरी म्हणायचं, "सातारा लाव." कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतात, तसंच ते चाललं होतं. एकदा बार्शीच्या फाईलमध्ये एका जागी सातारा बदलायचं राहून गेलं आणि चार दिवस बार्शीकरांचे रिपोर्ट साताऱ्यात जाऊन पडत होते. त्यावरून बरंच रामायण झालं. मग मॅडमनी सहा महिन्यांच्या करारावर कावेरी फडला आणलं.

ती परळीची. अंगाने बारीक, आवाजाने त्याहून बारीक. तिला पायथन नावाची भाषा चांगली येत होती. तिने गावांची एक यादी केली आणि ती यादी वाचून फायली स्वतःच लिहिणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, तयार केली. मला पायथन येत नव्हतं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. "हो हो, बघतो मी स्क्रिप्ट," असं म्हणून तीन आठवडे काढले होते.

एक अट मात्र मी पहिल्याच दिवशी घातली होती. "तुझी फाईल आणि माझी जुनी फाईल अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. मी मध्ये मध्ये माहितीसाठी टिपा लिहिल्यात, त्या सोडल्यास तरी चालेल. बाकी एका टिंबाचा फरक चालणार नाही."

"आणि जुन्यात काही चूक असली तर, सर?"

"जुन्यात चूक नाही," मी म्हणालो.

तर त्या सोमवारी फरक शून्य आला. शुक्रवारी तिचा करार संपत होता. कायम करायचं की नाही याचा कागद मॅडमच्या टेबलावर होता आणि त्यावर माझा शेरा लागणार होता. करारावरच्या माणसांना पिवळं कार्ड असायचं आणि त्या कार्डाने तिसऱ्या मजल्याचं दार उघडायचं नाही. सहा महिने ही मुलगी रोज सकाळी बेल वाजवून आत येत होती. कायम झाली की आईला परळीहून घेऊन येणार, असं तिने एकदा डबा खाताना सांगितलं होतं. मी तेव्हा नुसतं "हं" म्हटलं होतं.

मंगळवारी सकाळी मी तिने तयार केलेली वाईची फाईल उघडली आणि चूक शोधायला बसलो. मला चूक सापडायला हवी होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. सहा वर्षांचं माझं काम एका मुलीने चार सेकंदांत करून दाखवलं होतं. कुठेतरी एक स्वल्पविराम चुकला असता तरी मी त्या दिवशी सुखाने जेवलो असतो.

सापडलं ते भलतंच. आत यायची दारं जिथे लिहिलेली असतात तिथे एक जास्तीची ओळ होती. थेट सर्व्हरवर शिरायचं दार, आणि ते एका बाहेरच्या पत्त्यासाठी उघडं. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा पत्ता असतो. आमच्या ऑफिसचे तिन्ही पत्ते मला तोंडपाठ होते. हा त्यांतला नव्हता, गिऱ्हाइकाचाही नव्हता. आत शिरायला वेगळी किल्ली लागते हे खरं, पण ह्या पत्त्यावरचा माणूस निदान दारापर्यंत येऊन कडी वाजवू शकत होता.

मी फलटण उघडली. तीच ओळ. कराड, अकलूज, बार्शी, तीच ओळ. एकेक करून सगळ्या त्रेचाळीस उघडल्या, सगळीकडे तीच. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या मागोमाग थोडा आनंदही झाला.

साताऱ्याची जुनी फाईल मात्र मी उघडली नाही. ती माझी होती. स्वतःच्या घरात चोर कोण शोधतो? फरक शून्य आला होता तो तिच्याच स्क्रिप्टने काढलेला. मोजणारी तीच आणि मापही तिचंच, मग शून्य येईल नाहीतर काय?

त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळा ठेवला. आणि माणूस एकदा डोळा ठेवून बसला की त्याला सगळं दिसायला लागतं. ती फोनवर बोलायला जिन्यात जायची, ते दिसलं. डबा एकटीच खायची, तेही दिसलं. सगळ्यात वाईट म्हणजे मी तिच्या खुर्चीजवळ गेलो की ती पडद्यावरची एक खिडकी चटकन बंद करायची. मंगळवारी दोनदा आणि बुधवारी सकाळी एकदा. मी मोजत होतो.

बुधवारी दुपारी चहाचा कप घेऊन मी तिच्या टेबलाशी गेलो. खिडकी बंद झाली.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही सर. जुनं वाचायलेय."

"दारांचं काय केलंस गं? आत यायच्या रस्त्यांचं?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "जुन्या फायलीत होते तसेच ठेवलेत. तुम्हीच म्हणालात ना, टिंबाचा फरक नको."

"सगळे तसेच?"

"सगळे." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हाला काही दिसलं का, सर?"

"मला? नाही. का?"

"नाही, सहज."

"सहज कशाला विचारशील?"

"तुम्ही सहज विचारलं, म्हणून मीही." तिने लॅपटॉपकडे मान वळवली. "काही असलं तर सांगा सर. अजून वेळ आहे."

अजून वेळ आहे! मी चहा न पिताच परत आलो. चोर तो चोर आणि वर मलाच मुदत देतोय, असं मला वाटलं. संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिला सरळ विचार ना." मी म्हटलं, "अशा लोकांना सरळ विचारलं की ते पुरावा पुसतात." बायको म्हणाली, "कशा लोकांना?" मी टीव्ही लावला.

गुरुवारी सकाळी मी पाटणकर मॅडमच्या खोलीत जाऊन दार लावलं. वाईच्या फाईलची छापील प्रत पुढे ठेवली. त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती.

मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. "सगळ्या गावांत आहे?"

"त्रेचाळीसच्या त्रेचाळीस."

"हेमंत, हे लहान नाही. पेशंटचे रिपोर्ट आहेत. तुमची खात्री आहे, तिनेच टाकलंय?"

"स्क्रिप्ट तिची आहे."

"मी काय विचारलं?"

"खात्री आहे," मी म्हणालो.

त्यांनी कावेरीचा कागद ट्रेमधून काढून खणात ठेवला. "उद्या अकराला तिघं बसू. तोवर तिला काही बोलू नका. तिचं लॉगिन बंद करायला सांगते."

चार वाजता लॉगिन बंद झालं. मला माझ्या जागेवरून दिसत होतं. तिने दोनदा पासवर्ड टाकला, तिसऱ्यांदा टाकला, मग हात मांडीवर ठेवून नुसती बसली. थोड्या वेळाने माझ्याकडे आली.

"सर, माझं बंद झालंय सगळं."

"खाली सिस्टिमवाल्यांना विचार. त्यांचं काहीतरी चालू असेल."

"खाली विचारलं. ते म्हणाले, वरून आलंय."

"मग उद्या बघू."

ती उभीच राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं. मी हेडफोन कानाला लावला. त्यात काहीच वाजत नव्हतं.

शुक्रवारी मी साडेनऊलाच पोचलो. पुरावा पक्का करायचा होता. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, असे दोन कागद शेजारी ठेवले की मॅडमना वेगळं समजवावं लागणार नव्हतं. आधीचा कागद म्हणून मी साताऱ्याची जुनी फाईल उघडली. कितीतरी महिन्यांनी उघडत होतो.

ती ओळ तिथे होती.

मला आधी वाटलं, हिने जुनी फाईलही बदलली. मग मी त्या ओळीच्या वर बघितलं. तिथे माझ्या त्या टिपांपैकी एक टीप होती. "घरून कामासाठी तात्पुरतं. दोन दिवसांत काढणे. हे. का." खाली तारीख, तीन वर्षांपूर्वीची.

हे. का. म्हणजे हेमंत कारखानीस. म्हणजे मी.

माझी कंबर धरली होती तेव्हा. सतरा दिवस धायरीच्या घरात पालथा पडून काम केलं होतं. केबलवाल्याकडून एक कायमचा पत्ता घेतला होता आणि त्या पत्त्यासाठी तेव्हाच्या सगळ्या शाखांत दार उघडून ठेवलं होतं. दोन दिवसांत काढणे! कंबर बरी झाली आणि मी ऑफिसला यायला लागलो. केबलवालाही पुढे बदलला. मग जी जी नवीन शाखा आली तिला आम्ही सातारा लावत गेलो. तेवीस, तीस, त्रेचाळीस. प्रत्येक गावात मी स्वतःच्या हाताने ते दार बसवलं होतं.

कावेरीची स्क्रिप्टही मग मी पहिल्यांदा उघडली. पायथन येत नसलं तरी तिच्या टिपा मराठीतच होत्या, कुणालाही वाचता आल्या असत्या. त्या ओळीपाशी तिने लिहिलं होतं: "हे तात्पुरतं होतं असं दिसतं. सरांना बारा तारखेला मेल केला. उत्तर आलं की काढणे."

बारा तारखेचा मेल होता. तिच्या रोजच्या मेलांना कंटाळून मी ते आपोआप एका वेगळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली होती. तिथे एकसष्ट मेल न वाचलेले पडले होते. त्यातल्या एकाचा विषय होता, "सर, एक दार उघडं आहे, काढू का?" त्याच्या खाली एकोणीस तारखेचा आणखी एक होता, "पुन्हा आठवण."

अकराला पाच मिनिटं कमी असेपर्यंत मी खुर्चीत बसून होतो. मी तेव्हा पश्चात्ताप वगैरे करत नव्हतो. मी हिशेब करत होतो. मॅडम जुनी फाईल उघडतील का? माझ्यावर त्यांचा विश्वास होता, म्हणजे बहुतेक नाही. कावेरीचं लॉगिन बंद होतं, म्हणजे तिला काही दाखवता येणार नव्हतं. तिला माहीत होतं, तर ती मॅडमशी आतापर्यंत बोलली का नाही? काय मनात ठेवून बसली होती? बघा, अजूनही संशय मी तिचाच घेत होतो.

मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. मॅडमनी लाल रेघेचा कागद टेबलावर सरकवला.

"कावेरी, ही ओळ कुठून आली?"

तिने कागद बघितला. मग लाल रेघ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. काल लॉगिन का बंद झालं ते तिला त्या क्षणी कळलं, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"जुन्या फायलीतून, मॅडम."

"हेमंत?"

"बघावं लागेल," मी म्हणालो.

माझ्या तोंडून हे इतकं सहज बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं. कावेरीने मान खाली घातली आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. नखं पांढरी पडली होती.

"तुझ्याकडे दाखवायला काही आहे का?" मॅडमनी तिला विचारलं. "असेल तर आत्ताच दाखव. मला आज तुझ्या कागदाचा निर्णय घ्यायचाय."

"आहे मॅडम."

"मग?"

"मी नाही दाखवणार. हा पत्ता कुणाचा ते सरांना माहीत आहे. त्यांनी सांगावं."

"आणि त्यांनी नाही सांगितलं तर?"

"तर मी जाते परळीला," ती म्हणाली.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. कावेरी टेबलाकडे बघत होती. माझी नोकरी, माझी अब्रू, सहा वर्षं, सगळं मला त्या खोलीत समोर दिसत होतं आणि त्याच्यापुढे ती बोटं अडकवून बसलेली मुलगी दिसत होती.

"माझा," मी म्हणालो. "माझ्या घरचा पत्ता आहे. तीन वर्षांपूर्वी मीच टाकला. काढायचा राहिला. हिने मला दोन मेल केले होते, ते मी उघडले नाहीत."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "तो पत्ता आता कुणाकडे आहे?"

"माहीत नाही. केबलवाला बदलला. त्याने दुसऱ्या कुणाला दिला असेल."

"म्हणजे धायरीत कुणाच्या तरी घरापुढे त्रेचाळीस लॅबचं दार उघडं आहे आणि त्याला ते माहीत नाही. निदान माहीत नसावं, अशी आशा करू."

त्यांनी फोन करून कावेरीचं लॉगिन चालू करून घेतलं. कावेरीने लॅपटॉप उघडला, स्क्रिप्टमधली ती ओळ काढली आणि फायली पुन्हा तयार करून पलीकडे दिल्या. पाच-सहा मिनिटांत सगळ्या गावांची दारं बंद झाली. मला हाताने करायला दोन आठवडे लागले असते आणि कदाचित एखादं गाव राहूनही गेलं असतं. मग तिने मागच्या नोंदी तपासल्या. त्या पत्त्यावरून माझ्यानंतर कुणी आत आलं नव्हतं. ते ऐकून मॅडम पहिल्यांदा पाणी प्यायल्या.

त्यांनी खणातून कागद काढला आणि सही केली. "अभिनंदन, कावेरी. हेमंत, तुमच्याशी मी दुपारी बोलते." त्या दुपारचं बोलणं इथे सांगत नाही. गिऱ्हाइकाला सगळं लिहून कळवलं, पत्र मलाच लिहायला लावलं आणि ते योग्यच होतं. नोकरी राहिली.

कावेरीने कागद हातात घेतला, पण उठली नाही. "मॅडम, एक विनंती होती. मला दुसऱ्या टीममध्ये द्याल?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलंही नाही. "देते," म्हणाल्या.

बाहेर पॅसेजमध्ये मी तिला गाठलं. "कावेरी, चुकलो मी. पण शेवटी खरं सांगितलं ना?"

"सांगितलं, सर."

"मग टीम कशाला सोडतेस? मी पायथन शिकेन तुझ्याकडून. खरंच शिकेन."

ती जरा हसली. मग हसू मावळलं. "मी ती खिडकी बंद करायचे ना सर, तुम्ही आलात की, ती तुमचीच जुनी फाईल असायची. ती टीप वर दिसायची. चारचौघांत तुम्हाला ओशाळं वाटू नये म्हणून बंद करायचे."

मी गळ्यातलं कार्ड उलटसुलट करत राहिलो.

"महिनाभर मला माहीत होतं, पत्ता तुमच्या घरचा आहे," ती म्हणाली. "सगळ्या गावांत एकच दार आणि ते सरांच्या घरी उघडतंय. तुम्हाला जे दिसलं तेच मला दिसलं होतं, सर. पण तुम्ही चोर असाल असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. मला वाटलं, सर विसरले असतील."